ओसरीवरची पाहुणी

"ही नथ मी घालणार नाही," मी म्हटलं आणि डबी टेबलावर अशी आपटली, की परागनं ती पुन्हा उचलली नाही.

नथ चापाची होती, मोती प्लॅस्टिकचे. आम्ही बसलो होतो जपानातल्या एका विद्यापीठात, मोठ्या सभागृहाच्या पडद्यामागे. आजूबाजूला देशोदेशीच्या आज्या आणि आजोबा. व्हिएतनामच्या एका म्हातारीच्या डोक्यावर विद्यापीठवाल्यांनी शेतात घालायची गवताची टोपी चढवली होती. छपराखाली बसून ऊन कुठून लागणार, हे त्या बाईलाही विचारायचं असावं, असं तिचं तोंड झालं होतं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तिनं माझ्या नथीकडे पाहिलं, मी तिच्या टोपीकडे, आणि आमचं बोलणं झालं.

"आजी, ऑफिसच्या इशिदासाहेबांची इच्छा आहे हो," पराग म्हणाला. "फोटोत भारी दिसतं."

"माझी नथ मालक गेले त्या वर्षी मोठ्या सुनेला दिली. आमच्याकडे विधवा बाई नथ घालत नाही, हे तुला ठाऊक नाही? देवस्थळी ना तू?"

"त्यांना कुठे कळतंय, आजी."

"त्यांना कळत नाही म्हणून मी लाज सोडू?"

त्यानं मान खाली घातली. मी याची आजी कधी झाले, कोण जाणे. हा पुण्याचा, मी सावद्याची. आमची ओळख एवढीच की यानं माझी नात जपानला पाठवली.

कामच होतं त्याचं ते. त्या देशात पोरं जन्मायची कमी झाली होती म्हणे. वर्गांत बाकं रिकामी पडू लागली, म्हणून त्या विद्यापीठानं जगभरातून पोरं गोळा करायला माणसं नेमली. आपल्याकडचा माणूस हा पराग. जळगावच्या हॉटेलात त्यानं मेळावा भरवला, पडद्यावर चेरीची फुलं दाखवली, गार सरबत पाजलं. आमच्या चारूनं तिथेच नाव दिलं. मग हा घरी आला, माझ्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाला, "आजी, काळजी सोडा. पोर तिथे घरच्यासारखी राहील."

त्या 'सारखी'चा वास मला तेव्हाच यायला हवा होता.

चारू गेली ती शेतीचं शिकायला. आमच्या केळीबागा. एका वर्षी मुळं कुजून अर्धा मळा बसला, तेव्हा ही पोर आजोबांच्या मागे उभी राहून माती मुठीत घेऊन बघत होती. त्या मातीत काय शिरलं होतं, ते तिला शोधायचं होतं. त्या विद्यापीठात मोरिता नावाचे मास्तर मुळांच्या रोगांवरच काम करत. त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत बसायचं, एवढा एकच हट्ट तिचा. त्यासाठी तिनं जपानी भाषा अशी घोटली, की सुट्टीत घरी आली तर झोपेतही तेच बडबडायची.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाचा मोठा वाढदिवस आला. प्रत्येक देशातून एका विद्यार्थ्याचं वडीलधारं माणूस बोलवायचं, त्यानं मंचावर चार शब्द बोलायचे, त्याची फिल्म काढायची आणि ती गावोगावच्या आईबापांना दाखवायची, असं ठरलं. भारतातून माझी निवड झाली. का, ते मला तिथे पोचल्यावर कळलं. नऊवारीमुळे.

गावात मी मिरवले, खोटं कशाला बोलू. चौथी शिकलेली बाई विमानानं जपानला निघाली, म्हणून शेजारची झोपेबाई तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

विद्यापीठाच्या फाटकाशी पोचले तर भिंतभर चारू. पैठणी, नथ, हात जोडलेले, मागे मोर. खाली जपानीत काहीतरी लिहिलेलं. घरी ही पोर पँट घालून ट्रॅक्टर चालवते. मी विचारलं, हा मोर कुठला? ती म्हणाली, मोर कॉम्प्युटरातला आहे, आजी. लिहिलंय काय? तर म्हणे, 'जग आमच्या घरी आलं आहे.'

"आणि तुला नटवतात कधी?"

"पाहुणे आले की," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

माझी राहायची सोय चारूच्याच वसतिगृहात होती. इमारत एक, फाटक एक, पण पायरी चढल्यावर डावीकडे जपानी मुली आणि उजवीकडे बाहेरदेशच्या. फाटकाशी काचेच्या खिडकीमागे कावाबे नावाची बाई बसायची, माझ्याच वयाची, केस पांढरेशुभ्र. सकाळी मी चहा घेऊन खालच्या बाकावर बसले. जपानी मुली कॉलेजला निघाल्या. एकेक पोर बूट चढवायची, खिडकीकडे वळायची आणि म्हणायची, "इत्तेकिमास." आत कावाबेबाई मान हलवून म्हणायची, "इत्तेराश्शाय." एक गेली, दुसरी गेली, पाचवी गेली, तेच बोलणं. मला गंमत वाटली. चारू खाली आली तशी मी तिला विचारलं, काय गं म्हणतात या?

"पोरी म्हणतात, जाऊन येते. बाई म्हणते, जाऊन ये."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एवढ्या लांब, समुद्रापल्याड, आणि तिथेही घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. आपल्याकडे चुकून कोणी 'जाते' म्हटलं तर आपण त्याला उंबऱ्यावरून मागे बोलावतो, 'येते म्हण' म्हणतो. मी म्हटलं, माणसं आपल्यासारखीच आहेत की.

चारूनं बूट घातले, खिडकीकडे बघून नुसती वाकली. कावाबेबाई हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "हॅव अ नाइस डे."

तेवढं इंग्रजी मला कळतं. जळगावच्या मॉलमधला रखवालदारही तेच म्हणतो.

मी चारूचा हात धरला. "तुला का नाही म्हणाली?"

"आजी, उशीर होतोय."

"होऊ दे."

ती बाकावर बसली. पहिल्या महिन्यात मीपण 'इत्तेकिमास' म्हणायचे, म्हणाली. बाई गोंधळायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. तिचा दोष नाही. परदेशी मुलांशी इंग्रजीतच बोला, त्यांना त्रास देऊ नका, असा तिला ऑफिसचा हुकूम आहे. दुकानात, ग्रंथालयात, वर्गात तेच. मी जपानीत विचारते, ते इंग्रजीत सांगतात. एखाद्याला धड इंग्रजी येत नाही, तो घाम पुसतो, पण बोलतो इंग्रजीतच. शेवटी मीच थांबले.

"आणि मोरितामास्तर?"

ती बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागली. बांधलेलीच होती. मग कळलं. तिनं त्यांच्या प्रयोगशाळेसाठी दोनदा अर्ज केला. बाहेरच्या मुलांचे अर्ज ऑफिसमधून जातात. ऑफिसनं दोन्ही वेळा परत पाठवला. तिथलं काम जपानीत चालतं, तुम्हाला जड जाईल, तुमच्यासाठी आम्ही खास इंग्रजी गट केला आहे, त्यात बसा. त्या गटात माती नव्हती, मुळं नव्हती. देशोदेशीच्या पोरांनी गोल बसून एकमेकांच्या सणांची माहिती सांगायची आणि फोटो काढायचे. इंग्रजीतले वर्ग वाढले की विद्यापीठ जगात वरच्या नंबरात जातं, असं ती म्हणाली. आता शेवटचं वर्ष तोंडावर आलं होतं. या महिन्यात मास्तर मिळाले नाहीत तर ती सणांची माहिती शिकून सावद्याला परत येणार होती.

"मास्तरांना समोरासमोर का नाही विचारलंस?"

"एकदा विचारलं व्हरांड्यात. जपानीतच. ते घाईत होते, माझ्याकडे नीट पाहिलंही नाही, इंग्रजीत म्हणाले, ऑफिसला भेटा."

माझ्या अंगाची लाही झाली. पोरीला पंगतीत पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, उदबत्ती लावली, फोटो काढला आणि पानात वाढलं काही नाही. वर सगळ्या जगाला सांगायचं, बघा, आमच्या पंगतीला कोण बसलंय.

त्याच दुपारी इशिदासाहेबांनी मला चहाला बोलावलं. परदेशी मुलांच्या ऑफिसचे ते मुख्य. सडपातळ माणूस, सोनेरी काडीचा चष्मा, बोलण्याआधी वाकायचा आणि बोलून झाल्यावरही. बाकी वागायला वाईट नव्हता, तेच तर अवघड. वाईट माणसाशी भांडता येतं. मी परागमार्फत विचारलं, माझ्या नातीचा अर्ज मास्तरांपर्यंत का जात नाही? इशिदासाहेब दोनदा वाकले. परागनं सांगितलं, "ते म्हणतात, मुली आमच्या पाहुण्या आहेत. त्यांना जरासुद्धा त्रास होऊ नये, ही आमची जबाबदारी."

"त्यांना सांग, आमच्याकडे म्हण आहे. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली. माझी नात तीन वर्षं पाहुणी आहे. कोणाची अक्कल गेली, तिची की यांची?"

पराग हसून दोन शब्द बोलला. इशिदासाहेबांनी मला आणखी एक गोड पोळीसारखं काहीतरी वाढलं.

"काय सांगितलंस रे?"

"म्हण आवडली त्यांना."

मग त्यानं खिशातून माझी चार वाक्यं काढली, मंचावर बोलायची. माझी नात इथे सुरक्षित आहे. इथली माणसं शांत आणि स्वच्छ आहेत. इथलं अन्नपाणी चांगलं आहे. हे विद्यापीठ म्हणजे तिचं दुसरं घर आहे. "एवढंच, आजी. मी लगेच जपानीत सांगतो. पाठ करा."

पाठ मी केली. पहिली तीन.

तर अशी मी नथीशिवाय मंचावर गेले. सभागृह गच्च. पुढच्या रांगांत नातवंडं बसवलेली, आपापल्या देशाच्या वेशात. चारू भिंतीवरच्या चित्रासारखीच पैठणी आणि नथ घालून बसली होती. मागे मास्तर लोक. कॅमेरे दोन. पराग माइकपाशी माझ्या शेजारी.

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हटलं, मला चार वाक्यं दिली आहेत, त्यातली तीन खरी आहेत, ती पराग सांगेल. चौथं मी बोलणार नाही. परागनं काहीतरी सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. न बोलण्याबद्दल टाळ्या वाजवणारे लोक मी कधी पाहिले नव्हते.

मी पुढे बोलले. सांगितलं की आमच्याकडे घरातून निघताना 'येते' म्हणतात आणि घरचं माणूस 'ये' म्हणतं. तुमच्याकडेही तसंच आहे, मी फाटकाशी माझ्या कानांनी ऐकलं, इत्तेकिमास. तो शब्द माझ्या तोंडून ऐकताच सगळं सभागृह खूश झालं, पुन्हा टाळ्या. पोपट बोलला की वाजवतात तशा. मी थांबले नाही. म्हटलं, पण तीन वर्षांत माझ्या नातीला एकानंही 'जाऊन ये' म्हटलं नाही. ज्या घरात 'ये' म्हणत नाहीत ते घर नव्हे, ती धर्मशाळा. तुम्ही जगभरची पोरं आणलीत, ओसरीवर मांडून ठेवलीत, रस्त्यावरून दिसावीत म्हणून. माजघरात एकीला घेतलं नाहीत. तिला तुमची भाषा येते. तुम्हीच तिच्याशी बोलत नाही.

पराग बोलायला लागला. मी घागरभर ओतलं होतं, यानं फुलपात्रभर वाढलं. पहिल्या रांगेतली एक जपानी बाई डोळे पुसायला लागली, पण हसून. माझ्या बोलण्यावर हसून रडण्यासारखं काही नव्हतं.

मी माइक धरून खाली बघितलं. "चारू, मी बोलले ते यानं सांगितलं का?"

इशिदासाहेब पहिल्या रांगेत टाळ्यांसाठी हात जोडून तयार बसलेले. पराग माझ्या कानाशी म्हणाला, "आजी, प्लीज. नंतर बोलू."

"चारू, तुला विचारतेय."

तिनं मान हलवली. नाही.

"मग ऊठ आणि तू सांग."

मला माहीत होतं, मी काय मागतेय. ही पोर शाळेपासून कोणाला उलट बोललेली नाही. ती बसून राहिली असती तरी मी तिला बोल लावला नसता. पण ती उठली. नथीचा चाप काढला, नथ मुठीत घेतली आणि जागेवरूनच बोलायला लागली.

काय बोलली ते मला शब्दानं कळलं नाही, पण ती बोलत असताना माणसं बघायला मिळाली. आधी सगळे हसत होते, ही पोर जपानी बोलतेय म्हणून कौतुकानं. मग हसू विरलं. डोळे पुसणाऱ्या बाईनं रुमाल पर्समध्ये ठेवला. चारूचा आवाज चढला नाही की अडखळला नाही. ती बोलायची थांबली तेव्हा एकही टाळी वाजली नाही. मला तेव्हा खात्री पटली, पोरीनं नीट सांगितलं.

मागून एक माणूस उभा राहिला. साधा कोट, विस्कटलेले केस. त्यानं जपानीत काही विचारलं. चारूनं उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. चारूनं मला नंतर सांगितलं, पण इथेच लिहिते.

त्यांनी विचारलं, "कोणाच्या प्रयोगशाळेत अर्ज केला होतास?"

"तुमच्या, सर. दोनदा."

"माझ्यापर्यंत आला नाही."

"मला जड जाईल, असं ऑफिसचं म्हणणं होतं."

मोरितामास्तरांनी इशिदासाहेबांकडे बघितलं. इशिदासाहेब वाकले, पण कोणाकडे तोंड करून वाकावं हे त्यांना समजेना. मग ते घाईनं माइकपाशी आले आणि व्हिएतनामचं नाव पुकारलं. मी मंचावरून उतरत होते तेव्हा ती टोपीवाली म्हातारी चढत होती. तिनं टोपी काढून पायरीशी उभ्या एका पोराकडे दिली आणि तशीच वर गेली.

परागनं संध्याकाळभर माझ्याशी अबोला धरला. बरं झालं, डोकं शांत राहिलं.

दुसऱ्या सकाळी मी निघाले. चारू मला बसपर्यंत सोडून कॉलेजला जाणार होती. मोरितामास्तरांनी निरोप धाडला होता: सोमवारपासून ये, मात्र इथे तुझ्यासाठी कोणी इंग्रजी बोलणार नाही. पोर तो निरोप पुन्हा पुन्हा सांगत होती. एवढ्या कडक बोलण्यानं कोणी इतकं हरखलेलं मी पाहिलं नव्हतं.

आम्ही बूट-चपला घालत होतो तेवढ्यात कावाबेबाई खिडकीमागून उठून बाहेर आली. आधी तिनं व्हरांड्यात इकडेतिकडे बघितलं, ऑफिसचं कोणी नाही ना. मग चारूपुढे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "इत्तेराश्शाय, चारू-सान."

चारूचं तीन वर्षांचं साठलेलं एका शब्दात बाहेर पडलं, "इत्तेकिमास." बाईनं तिच्या दंडावर थोपटलं.

मीही पिशवी उचलली आणि म्हटलं, "इत्तेकिमास."

चारू हसायला लागली. "आजी, तू नाही म्हणायचं. तू परत येणार नाहीस. ते फक्त घरच्यांनी म्हणायचं असतं. पाहुण्यांनी म्हणायचं, तुम्हाला त्रास दिला."

"त्रास यांनी दिला, मी कशाला म्हणू? आमच्यात पाहुणासुद्धा 'येतो' म्हणूनच उठतो."

चारूनं ते बाईला सांगितलं. कावाबेबाई माझ्याकडे वळली आणि मलाही म्हणाली, "इत्तेराश्शाय."

याला आता बारा वर्षं झाली. चारू त्याच देशात दुसऱ्या गावी मुळांच्या रोगांवर काम करते. त्या विद्यापीठानं एक अर्ज मागच्या दारानं जाऊ दिला, फाटक काही उघडलं नाही. पुढच्या वर्षी नेपाळच्या दोन पोरींचे अर्ज तसेच परत आले, चारूनंच सांगितलं. भिंतीवरची पैठणी उतरली, तिथे कोणाची तरी दुसऱ्या देशाची झगमगती ओढणी लागली. मोर तोच.

आणि फिल्म निघाली. मला कोणी दाखवली नाही. झोपेबाईचा नातू परवा परागच्या मेळाव्याला गेला, त्यानं फोनमध्ये आणून दाखवली. मी मंचावर आहे, हात उगारलेला, तोंड उघडं, डोळे लाल. आवाज नाही. पाठीमागे बासरी. खाली मराठीत अक्षरं: 'नातीचं दुसरं घर पाहून आजींना अश्रू अनावर.'

मी तिथल्या तिथे परागला फोन लावला. "माझा आवाज कुठंय?"

तो ओशाळून हसला. "आजी, एवढं जुनं कशाला काढता? रेकॉर्डिंगमध्ये खूप खरखर होती हो. म्हणून संगीत टाकलं."

"खरखर होतीच," मी म्हटलं. "तेवढी ऐकवायलाच मी एवढ्या लांब गेले होते."